डरहॅमला एकटीनं बिऱ्हाड करताना

माझी लेक तीन वर्षांपूर्वी ओहायोतलं क्लीव्हलंड सोडून नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅमला एकटी राहायला निघाली, तेव्हा मिरजेहून माझ्या आईनं फोनवर एकच विचारलं, "तिथं आपलं कोण आहे गं?" आईच्या मनात मराठी माणसं होती. पण लेकीचे बाबा ब्लॅक अमेरिकन आहेत. दुकानात, दवाखान्यात, रस्त्यात पोलिसानं गाडी थांबवली तर, सगळीकडे तिच्याकडे ब्लॅक म्हणूनच बघितलं जातं आणि तीही स्वतःला तसंच म्हणवते. त्यामुळे "आपलं कोण" याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. ते तिच्या आत्यापाशी होतं. माझ्या नणंदबाई १९९४ साली नर्सची नोकरी धरून अशाच एकट्या डरहॅमला गेल्या आणि तिथल्याच झाल्या. मी त्यांना वन्सं म्हणते. या शब्दाचा मान कळल्यापासून त्या माझ्या हाकेला जरा जास्तच ताठ होऊन ओ देतात.

लेकीसाठी आम्ही दोघींनी मिळून टिपणं काढली. पुढे ती माझ्या मैत्रिणीच्या मुलीनं मागितली, मग तिच्या मावसबहिणीनं, म्हणून आता नीट लिहून काढते आहे. लिहिताना "तू" म्हटलं होतं, ते तसंच ठेवलंय. एकटीनं घर शोधणाऱ्या इतर मराठी मुलींनाही यातलं बरंच लागू पडेल. जिथं लागू पडणार नाही, तिथं शेजारच्या बाईला वेगळं काय करावं लागतं ते तरी कळेल.

पायरी १ : गाव पारखून घे

"ब्लॅक स्त्रियांना सामावून घेणारी शहरं" अशा याद्या इंटरनेटवर ढिगानं सापडतात. वाच, पण त्यांच्या भरवशावर घर सोडू नकोस. वन्संचा निकष वेगळा आहे. त्या म्हणतात, "लोक गोड बोलतात का, हे विचारूच नकोस. दक्षिणेत सगळेच गोड बोलतात. आपल्या माणसांनी तिथं काय उभारलं आणि त्यातलं आज काय शिल्लक आहे, ते विचार."

या पट्टीनं डरहॅम मोजून बघ. मूळचं हे तंबाखूचं गाव. गुलामगिरीत जन्मलेला न्हावी जॉन मेरिक आणि गावातले पहिले ब्लॅक डॉक्टर एरन मूर यांनी काही सोबत्यांना घेऊन १८९८ मध्ये इथं विमा कंपनी काढली. तीच नॉर्थ कॅरोलिना म्युच्युअल. १९०१ मध्ये डॉ. मूर यांनी लिंकन हॉस्पिटल सुरू केलं. १९०७ मध्ये मेकॅनिक्स अँड फार्मर्स बँक स्थापन झाली. १९१० मध्ये जेम्स शेपर्ड यांनी काढलेली शाळा म्हणजे आजची नॉर्थ कॅरोलिना सेंट्रल युनिव्हर्सिटी. ज्या पॅरिश स्ट्रीटवर विमा कंपनी आणि बँक होती, तिला लोक "ब्लॅक वॉल स्ट्रीट" म्हणायचे. १९१२ मध्ये ब्लॅक विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांनी डरहॅममधल्या या कारभाराबद्दल कौतुकानं लिहिलं. हे तेच ड्यू बॉईस, ज्यांना १९४६ मध्ये बाबासाहेबांनी पत्र लिहून अमेरिकेतल्या निग्रो संघटनेनं संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. हे मी आईला सांगितलं, तेव्हा कुठे तिला ते गाव ओळखीचं वाटायला लागलं.

शिल्लक काय, हा प्रश्नही तेवढाच महत्त्वाचा. रेल्वेरुळांच्या दक्षिणेला हेटाय नावाची ब्लॅक वस्ती होती. नाव हैती देशावरूनच आलेलं, उच्चार मात्र हेटाय. एकोणीसशे साठच्या दशकात "नागरी नूतनीकरण" म्हणत तिच्यातून हायवे काढला गेला. चार हजारांवर कुटुंबं उठली, पाचशेच्या घरात धंदे गेले. एका चर्चची १८९१ ची विटांची इमारत वाचली. तिथं आता हेटाय हेरिटेज सेंटर आहे. गाव बघायला जाशील तेव्हा त्या इमारतीसमोर उभी राहा आणि मग त्या हायवेवरून गाडी चालव. गावाच्या दोन्ही बाजू एका दुपारी कळतात.

आकारानं म्हणशील तर २०२० च्या जनगणनेत डरहॅमची लोकसंख्या २ लाख ८३ हजार होती, म्हणजे सांगली-मिरज-कुपवाडच्या निम्म्याहून थोडी जास्त. त्यात साधारण तिसरा हिस्सा ब्लॅक. तुझ्या कामाच्या ठिकाणी खोलीत तू एकटीच असशीलही, पण बाजारात, बँकेत, दवाखान्यात एकटी नसशील. माझ्या मते मध्यम शहराचा खरा फायदा हाच. अटलांटासारखं हरवायला होत नाही आणि गाव एवढं लहानही नसतं की प्रत्येक दुकानात तुझ्यामागे कुणीतरी फिरेल.

बघायला जाशील ती उत्सवाच्या शनिवार-रविवारी जाऊ नकोस. मंगळवार-बुधवार बघ. बसमध्ये बसून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जा. बँकेत काउंटरवर कोण बसलंय आणि आतल्या काचेच्या खोलीत कोण, ते बघ. औषधाच्या दुकानात केसांच्या सामानाच्या फळीपाशी जा. बाकीचे शाम्पू उघड्यावर आणि आपल्या केसांचं तेल-क्रीम तेवढं कुलपात असेल, तर त्या भागाबद्दल तुला कळायचं ते कळलं. संध्याकाळी आठला ज्या गल्लीत घर घ्यायचंय तिथं पायी फिर. रिचमंड, ग्रीन्सबरो, लुईव्हिल, मनात दुसरं कुठलंही शहर असलं तरी पट्टी हीच लाव.

पायरी २ : पैशाचं गणित

यावर फार लिहीत नाही. नोकरी हातात घेऊनच नीघ. डरहॅमच्या परिसरात ड्यूक युनिव्हर्सिटी, तिचं हॉस्पिटल आणि १९५९ पासूनचं रिसर्च ट्रँगल पार्क, म्हणजे कंपन्यांचं संशोधन-संकुल, हे मोठे आधार आहेत, त्यामुळे दुरून मुलाखती देता येतात. महिन्याचं उत्पन्न भाड्याच्या तिप्पट असावं अशी अट बहुतेक घरमालक घालतात. पहिलं भाडं, अनामत, अर्जाची फी आणि सामानाचा ट्रक हे सगळं गेल्यावर हातात चार महिन्यांचं भाडं उरलं पाहिजे. हा आकडा वन्संचा. मी तीन म्हणत होते, त्यांनी ऐकलं नाही. घर शोधायच्या दोन महिने आधी तुझे क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे कर्ज-थकबाकीच्या नोंदी, त्या ठेवणाऱ्या तिन्ही संस्थांकडून काढून बघ, ते फुकट मिळतात. लेकीच्या रिपोर्टमध्ये दुसऱ्याच कुणाची थकबाकी चिकटलेली होती. ती काढायला सहा आठवडे गेले.

पायरी ३ : घर

इथं घाई करू नकोस. शक्य असेल तर पहिले दोन महिने फर्निचरसकट खोली भाड्यानं घे आणि गावात राहूनच घर शोध.

लोक तुला सल्ले देतील. "तो भाग चांगला आहे", "त्या बाजूला जाऊ नकोस." हे बोलणं कान देऊन ऐक, पण शब्दशः घेऊ नकोस. अमेरिकेत "चांगली वस्ती" या दोन शब्दांत बरंच काही लपलेलं असतं. आपल्याकडे "वस्तीत कोण लोक आहेत?" असं विचारतात ना, तसंच. लेकीच्या ऑफिसातल्या एकानं फेएटव्हिल स्ट्रीटच्या बाजूला घर घेऊ नकोस असं तिला बजावलं. वन्सं त्याच बाजूला गेली पंचवीस वर्षं राहतात. युनिव्हर्सिटी तिथं, लिंकनचा दवाखाना तिथं, जुनी चर्चं तिथं. उलट गावात मधोमध तंबाखूच्या जुन्या वखारींचे महागडे फ्लॅट झालेत. ते दिसायला देखणे आहेत, पण शेजारी कोण राहतं ते वर्षभर कळत नाही. आय-४० हायवेजवळ साउथपॉइंटच्या बाजूला नवी अपार्टमेंट आहेत. रिसर्च पार्कला तिथून जाणं सोपं, पण गाडीशिवाय पान हलत नाही.

आता कायदा. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यानुसार वंशावरून घर नाकारणं बेकायदा आहे. तरी नाकारतात, फक्त तसं म्हणत नाहीत. लेकीला एका घरमालकानं फोनवर "रिकामं आहे, या बघायला" सांगितलं. दारात पोचली तर "आत्ताच गेलं." असं झालं की तिथं वाद घालत उभी राहू नकोस. गाडीत बसून तारीख, वेळ, दोघांचे शब्द आणि जाहिरातीचा फोटो नोंदवून ठेव. मग गोऱ्या मैत्रिणीला त्याच घरासाठी फोन करायला सांग. हा काही वन्संचा चलाखपणा नाही. घरांच्या भेदभावावर काम करणाऱ्या संस्था वर्षानुवर्षं याच पद्धतीनं तपास करतात. सरकारच्या गृहनिर्माण खात्याकडे तक्रार करायची मुदत घटनेपासून एक वर्ष आहे. लेकीनं तक्रार केली नाही, दुसरं घर शोधलं. मला ते तेव्हा पटलं नव्हतं. आता वाटतं, दर वेळी लढायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. नोंद मात्र ठेवावीच.

करार करताना अनामतीकडे लक्ष दे. नॉर्थ कॅरोलिनात वर्षाच्या करारावर दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त अनामत घेता येत नाही. घर सोडल्यावर ३० दिवसांत ती परत द्यावी लागते किंवा काय कापलं त्याचा हिशेब द्यावा लागतो. भाडं पाच दिवस थकल्याशिवाय दंड लावता येत नाही, आणि लावला तरी १५ डॉलर किंवा भाड्याचे ५ टक्के, यांतली जी रक्कम मोठी तेवढाच. किल्ली हातात आली की सामान आत घेण्यापूर्वी प्रत्येक भिंत, नळ, ओव्हनचा आतला भाग, गालिच्यावरचे डाग, सगळ्यांचे फोटो काढ आणि त्याच दिवशी मालकाला ईमेलनं पाठव. दाराचं कुलूप बदलून मिळेल का, हे करारावर सही करण्याआधीच विचार. एकट्या बाईनं हे विचारलं की काहीजण हसतात. हसू दे.

प्रत्यक्ष न बघता कुणालाही एक डॉलर पाठवू नकोस. स्वतः जाता येत नसेल तर ओळखीतल्या कुणाला तरी पाठव. तेही जमत नसेल तर ते घर सोड.

पायरी ४ : सामान आणि रस्ता

क्लीव्हलंडहून आय-७७ हायवे सरळ दक्षिणेला जातो, वेस्ट व्हर्जिनियाचे डोंगर ओलांडून. साधारण नऊ तास लागतात. अंतर एका दिवसाचं असलं तरी वन्संनी पहाटे पाचला निघायला लावलं, कारण सगळा डोंगराळ भाग उजेडात पार व्हावा. त्यांच्या लहानपणी त्यांचे वडील दक्षिणेकडे गाडी नेताना कुठल्या गावात सूर्य मावळल्यावर थांबायचं नाही, हे पाठ करून निघायचे. अशा गावांना "सनडाउन टाउन" म्हणत. आता वेशीवर पाट्या नसतात, पण सवय राहते, आणि सवय वाईट नाही. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. लायसन्स, विमा आणि गाडीचे कागद हाताला लागतील असे वर ठेवायचे, डिकीत किंवा पर्सच्या तळाशी नाहीत. पोलिसानं थांबवलं तर आतला दिवा लाव, हात स्टिअरिंगवर ठेव, आणि कागद काढण्याआधी "मी आता कागद काढते आहे" असं बोलून मग हात हलव. लेकीला हे बाबांनी वयाच्या सोळाव्या वर्षी शिकवलं. मी मागच्या सीटवर बसून ऐकत होते.

ट्रक स्वतः चालवणार असशील तर डरहॅमची एक गंमत माहीत असू दे. ग्रेगसन स्ट्रीटवर एक बुटका रेल्वेपूल आहे. त्याची उंची ११ फूट ८ इंच होती आणि भाड्याच्या ट्रकांची छपरं तिथं डबा उघडल्यासारखी सोलून निघायची. २०१९ मध्ये पूल ८ इंच वर उचलला. आता १२ फूट ४ इंच आहे आणि तरीही ट्रक अडकतातच. तुझ्या ट्रकची उंची आरशावर किंवा डॅशबोर्डवर लिहिलेली असते. वाच, आणि तो रस्ताच टाळ. भाड्याच्या ट्रकच्या विम्यात छपराचं नुकसान बहुतेक वेळा धरत नाहीत.

पायरी ५ : पहिल्या दोन महिन्यांतले कागद

वीज ड्यूक एनर्जीची, पाणी नगरपालिकेचं. दोन्हींची नोंदणी येण्याआधीच ऑनलाइन करून टाक. वाहन परवाना ६० दिवसांत नॉर्थ कॅरोलिनाचा करून घ्यावा लागतो. क्रम चुकवू नकोस. आधी या राज्यात परवानगी असलेल्या कंपनीचा गाडीविमा, मग त्या विम्याचा दाखला दाखवून लायसन्स, मग गाडीची नोंदणी. लेक उलट्या क्रमानं गेली आणि दोन सकाळी रांगेत घालवून आली. अपॉइंटमेंट महिनाभर आधी घे. राज्यात ३० दिवस राहिलीस की मतदार म्हणून नाव नोंदवता येतं. निवडणुकीच्या २५ दिवस आधी ती नोंदणी बंद होते. त्यानंतर मतदानाच्या दिवसाआधी चालणाऱ्या "लवकर मतदाना"च्या केंद्रावर थेट जाऊन नोंदणी आणि मतदान दोन्ही करता येतं. फोटोचं ओळखपत्र लागतं.

मतदानाचं ऐच्छिक समजू नकोस. ज्या गावात बसची वेळ आणि घरांचे कर यावर नगरपरिषदेत लोक रात्री उशिरापर्यंत भांडतात, तिथं तुझं नाव यादीत असावं.

पायरी ६ : डॉक्टर आणि केस

या दोन गोष्टी एकत्र का, असं लेकीच्या मराठी मैत्रिणींनी विचारलं होतं. कारण दोन्हींत तुझं शरीर अनोळखी हातात द्यायचं असतं, आणि दोन्हींसाठी गाव बदलण्याच्या आधीपासून शोध घ्यावा लागतो.

आधी डॉक्टर. नव्या रुग्णाला पहिली तारीख कधी कधी दोन-तीन महिन्यांनी मिळते, म्हणून घर ठरायच्या आधीच फोन कर. जुन्या डॉक्टरकडून नोंदी घे आणि चालू औषधं तीन महिन्यांची भरून ने. विमा सुरू व्हायला वेळ असेल तर लिंकन कम्युनिटी हेल्थ सेंटर आहे, म्हणजे डॉ. मूर यांच्या त्या जुन्या हॉस्पिटलचा वारसा. तिथं उत्पन्न बघून फी घेतात.

वन्सं तीस वर्षं नर्स होत्या, म्हणून या भागात मी त्यांचं जसंच्या तसं लिहिते. २०२३ मध्ये अमेरिकेत दर एक लाख जिवंत जन्मांमागे ब्लॅक मातांचे मृत्यू ५०.३ होते, गोऱ्या मातांचे १४.५. शिकलेल्या, पैसेवाल्या बायकांमध्येही ही दरी राहते. तिचं एक मोठं कारण म्हणजे ब्लॅक बाई "दुखतंय" म्हणाली की ते कमी धरलं जातं. गर्भाशयातल्या गाठींचा त्रासही ब्लॅक स्त्रियांना जास्त आणि लवकर होतो, आणि "पाळीत दुखतंच" म्हणून वाटेला लावतात. तेव्हा डॉक्टरकडे जाताना तारखा, रक्तस्राव, वेदना कागदावर लिहून ने. एखादी तपासणी नाकारली तर शांतपणे म्हण, "ठीक आहे, मी मागितली होती आणि तुम्ही नाकारलीत, हे कारणासकट माझ्या नोंदीत लिहा." वन्सं सांगतात, या एका वाक्यावर निम्मे डॉक्टर तपासणीचा कागद लिहायला घेतात. मोठ्या तपासणीला कुणाला तरी सोबत ने. डॉक्टर ब्लॅक असावी असं वाटत असेल तर रिसेप्शनवर सरळ विचार. त्यात संकोच कसला? आपल्या आयाही "बाई डॉक्टर आहे का?" विचारूनच पायरी चढायच्या.

आता केस. क्लीव्हलंडच्या कोरड्या थंडीत जमलेलं तंत्र डरहॅमच्या जुलैत चालत नाही. हवा इतकी दमट की सिल्क प्रेस केलेले, म्हणजे गरम इस्त्रीनं सरळ केलेले, केस गाडीपर्यंत पोचेस्तोवर परत फुगतात. वेण्या घालणाऱ्या बाईची, लॉक्स, म्हणजे जटांसारखे वळलेले केस, सांभाळणारीची आणि केस सरळ करायची रसायनं वापरणारीची, अशी तीन वेगवेगळी नावं लागतात. एकीला सगळं येतं असं नसतं. ती नावं इंटरनेटवर शोधण्यापेक्षा रांगेत पुढे उभ्या असलेल्या बाईला विचार, "ताई, केस कुणाकडून केलेस?" कौतुकासकट विचारलंस तर कुणी नाही म्हणत नाही. लेकीची गावातली पहिली ओळख अशीच झाली. वेळ ठरवताना बहुतेकजणी आगाऊ पैसे घेतात आणि केस धुऊन, सोडवून यायला सांगतात. सहा तास बसायची तयारी ठेव. त्या सहा तासांत कोणता मेकॅनिक फसवतो आणि कोणत्या घरमालकापासून लांब राहायचं, हे सगळं कळतं.

ऑफिसात केसांवरून कुणी बोललं तर माहीत असू दे. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियानं वेण्या, लॉक्स, नैसर्गिक केस यांवरून भेदभाव करायला पहिल्यांदा कायद्यानं बंदी घातली आणि २०२१ मध्ये डरहॅमनं स्थानिक नियमांत तीच तरतूद केली.

पायरी ७ : माणसं जोडणं

एकदम दहा ठिकाणी जाऊ नकोस. दोन ठिकाणं निवड आणि दर आठवड्याला त्याच वेळी जा. तीन महिने चेहरा दिसला की लोक स्वतःहून बोलतात.

देवाधर्माचं मनावर असो-नसो, रविवारी एखाद्या जुन्या चर्चमध्ये डोकावून ये. व्हाइट रॉक बॅप्टिस्ट १८६६ पासूनचं आहे. १९६० च्या फेब्रुवारीत मार्टिन ल्यूथर किंग इथंच बोलले होते. कुणी तुला बाप्तिस्मा घे म्हणून मागे लागत नाही. प्रार्थनेनंतर तळलेले मासे आणि कोलार्डची पालेभाजी वाढतात, तिथं खरी ओळखपाळख होते. पदवीधर असशील तर १९०८ ची अल्फा कप्पा अल्फा, १९१३ ची डेल्टा सिग्मा थीटा अशा ब्लॅक स्त्रियांच्या भगिनीमंडळांच्या शाखा गावात आहेत. कॉलेजात सदस्य होतीस तर पहिल्याच आठवड्यात फोन कर. वाचनाची आवड असेल तर फेएटव्हिल स्ट्रीटवरचं स्टॅनफर्ड वॉरन वाचनालय आहे. वर्णभेदाच्या काळात ब्लॅक वाचकांसाठी काढलेलं ते आजही चालू आहे. शनिवारी सकाळी सेंट्रल पार्कमधला शेतकऱ्यांचा बाजार, मे महिन्यात १९६९ पासून भरणारा बिंबे उत्सव, शरद ऋतूत सेंट्रल युनिव्हर्सिटीचा माजी विद्यार्थ्यांचा मेळावा, त्या दिवशी तर अख्खं गाव रस्त्यावर असतं.

मराठी माणसांचं काय? कॅरी आणि मॉरिसव्हिल अर्ध्या तासावर आहेत आणि तिथं आपली माणसं भरपूर. लेक हौसेनं एका गणपतीला गेली, नऊवारी नेसून. दारात एका काकांनी तिला इंग्रजीत सांगितलं, "केटरिंगवाल्यांनी मागच्या दारानं यायचं." ती मराठीत म्हणाली, "काका, मी आरतीला आले आहे." काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला म्हणते. आत गेल्यावर एका आजींनी तिला शेजारी बसवून घेतलं आणि "सुखकर्ता"च्या चौथ्या ओळीत लेक अडखळली तेव्हा हातावर टिचकी मारून शब्द सांगितला. दोन्ही गोष्टी एकाच हॉलमध्ये, दहा मिनिटांच्या अंतरानं झाल्या. जायचं की नाही, हे तू ठरव. गेलीस तर पहिल्यांदा कुणाच्या तरी सोबत जा, आणि मनाला लागलं तर घरी फोन कर. आपल्या मुलींना "सावळी" शब्दावरून स्थळं नाकारणारी माणसं विमानातून उतरताना काही तो शब्द मागे ठेवून येत नाहीत.

पायरी ८ : एकटं राहण्याची घडी

मार्च-एप्रिलमध्ये पाइनच्या झाडांचा पिवळा धुरळा सगळ्यावर बसतो. दम्याची औषधं जवळ ठेव. हिवाळ्यात बर्फ थोडाच पडतो, पण रस्त्यावर त्याची काच होते आणि शहर बंद पडतं. क्लीव्हलंडकर म्हणून हसू नकोस आणि गाडी काढू नकोस. उन्हाळा संपता संपता वादळांचा पाऊस येतो. टॉर्च, पाणी, चार्ज केलेली बॅटरी एका पिशवीत तयार ठेव.

कुणाला मानसिक त्रासाचा झटका आला, कुणी दारूच्या नशेत पायरीवर पडलंय, अशा वेळी पोलीस बोलावणं ब्लॅक घरांना नेहमीच जिवावरचं वाटत आलंय. डरहॅममध्ये २०२२ पासून यासाठी हार्ट नावाची निःशस्त्र पथकं आहेत. फोन ९११ लाच करायचा. काय घडतंय ते नीट सांगून हार्टचं पथक मागायचं.

जास्तीची किल्ली ऑफिसातल्या मैत्रिणीकडे नको, शेजारी दे. कुठल्या शेजाऱ्याकडे? जी म्हातारी बाई ओसरीत खुर्ची टाकून बसते तिच्याकडे. तिला रस्त्यावरचं सगळं माहीत असतं. आल्याच्या पहिल्या आठवड्यात तिच्याकडे काहीतरी घेऊन जा. लेकीनं माझ्या कृतीचे रव्याचे लाडू नेले. थोडे फुटलेले होते, पण चालून गेले. जाताना स्वतःहून नमस्कार कर, "मॅम" म्हण, नुसत्या नावानं हाक मारू नकोस. भाडी वाढवणाऱ्या नव्या लोकांवर जुन्या वस्तीतल्या बायकांचा राग असतो आणि तो रास्त आहे. पहिल्यापासून भाड्यानं दिल्या जाणाऱ्या घरात तू आली आहेस की कुणाला तरी उठवून बांधलेल्या बिल्डरच्या घरात, हे ती पाच मिनिटांत ताडेल.

ती तुला खुर्ची देईल, लाडू बाजूला ठेवील आणि विचारेल, "तुझी माणसं कोण?" दक्षिणेतल्या ब्लॅक घरांत परक्याला पहिल्यांदा हेच विचारतात. उत्तर तयार ठेव. आत्याचं नाव सांग, ती कुठल्या चर्चला जाते आणि कुठल्या वॉर्डात नर्स होती ते सांग. आजोबांचे आईवडील कॅरोलिनातून कधी उत्तरेला गेले, ते निघायच्या आधी बाबांना विचारून घे. त्यानंतर मिरजेचं सांग. त्याला थोडा वेळ लागेल, दुसरा लाडू होईपर्यंत.